बंगळूरची बाग आणि पाणी

बंगळूरचे नाव निघताच मराठी माणसास शहाजीराजांचे स्मरण व्हावे, हे साहजिकच आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे ठाणे केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले आणि पुढे ते राजांच्या जहागिरीत आले. या गावाला मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांच्या उंचीवर पडणारा पाऊस जागच्या जागी अडवावा, एका तळ्याचा सांडवा दुसऱ्या तळ्यात सोडावा, अशी येथील जुनी रीत होती. बागाही या मर्यादेतच वाढत. १७६० मध्ये हैदरअलीने आरंभलेला लालबाग तळ्याकाठीच आहे.

१८०९ मध्ये इंग्रजांची छावणी आली. तिच्याबरोबर ऐसपैस आवारांचे बंगले आले आणि त्यांच्यापुढे विलायती हिरवळही आली. विलायतेत तिला आभाळच शिंपण घालते. येथे माळी ठेवावा लागला!

याच नगरीत १९०८ मध्ये क्रुंबीगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ आले. ते आले बडोद्याहून. सयाजीराव महाराजांच्या पदरी त्यांनी १८९३ पासून चाकरी केली होती, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत फुलणारे वृक्ष रस्तोरस्ती लावण्याची त्यांची योजना हिरवळीपेक्षा कितीतरी शहाणपणाची होती, असे माझे मत आहे. वृक्ष मुळांनी खोलवरचे पाणी शोधतो आणि वर पालाही देतो.

पाण्याची तहान मात्र वाढतच गेली. १८९४ मध्ये हेसरघट्टा, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी आणि १९७४ मध्ये कावेरी. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून, पाचशे मीटर वर चढवून आणावे लागते. मार्च २०२४ मध्ये टंचाई इतकी झाली की पिण्याचे पाणी बागेस घालणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरला.

माझ्या भाड्याच्या घरापुढची हिरवळ त्या उन्हाळ्यात करपली. खणून पाहिले, तो दोन बोटांखाली तांबडी माती विटेसारखी कठीण. वर्षानुवर्षे रस्त्यावरच्या झाडांचा पाला गोळा करून आम्ही जाळीत होतो आणि खताच्या गोण्या विकत आणीत होतो! त्या वर्षी तोच पाला वीतभर जाडीने पसरला, उतारावर आडवा चर काढला, हिरवळीच्या जागी कण्हेर, तगर, अबोली व पारिजातक लावले. पाचोळ्यात विंचू निघतील म्हणून आईचा विरोध होता. तिच्यासाठी उंबऱ्यापुढची दोन हात जागा स्वच्छ ठेवली.

पहिल्या पावसात पाणी पूर्वीप्रमाणेच फाटकाबाहेर वाहिले. दुसऱ्या पावसाळ्यात ते चरात थांबले आणि सकाळपर्यंत जिरून गेले. पाला उचलला तर खाली गांडुळे दिसली. रोपे रुजेपर्यंत भाज्या धुतलेले पाणी त्यांना घालीत होतो. आता भर उन्हाळ्यातच काय ते लागते. शेजारचे गृहस्थ अजून आपला पाला जाळतात. परवा मी त्यांच्याकडे दोन पोती मागितली.