स्थिर षड्जाचे मोल

ग्रामोफोनवर किती द्रव्य खर्चावे, हा वाद त्या यंत्राइतकाच जुना आहे. आणि त्याचा निवाडा करावयाचा तर दुकानातील किंमतपत्रक बाजूस ठेवून, कोणत्या काळी यंत्रात कोणता दोष होता आणि पैशाने तो खरोखर दूर झाला की नाही, याची कैफियत प्रथम पाहिली पाहिजे.

एमिल बर्लिनर याने १८८७ साली सपाट तबकडीच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यास गौहर जानचा आवाज मुद्रित केला. त्यानंतर लाखेची ती ठिसूळ तबकडी, मिनिटास सुमारे ७८ फेरे घेत, आमच्याकडील दिवाणखान्यांतून तीन मिनिटांचे ख्याल आणि नाट्यपदे ऐकवू लागली. यंत्रास आधार एवढाच की चावी, स्प्रिंग आणि वेग आवरणारा गव्हर्नर. स्प्रिंग सैल पडली की तबकडी मंदावे आणि षड्ज उतरे. आपल्या संगीतात प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर ८१ ला ८० असे आहे, म्हणजे शेकडा सव्वा. सबब ७८ फेऱ्यांत जेमतेम एक फेरा उणा झाला तरी एका श्रुतीचे अंतर पडते. वेग आरंभापासून अखेरपर्यंत सारखाच चुकला असेल तर तानपुराही त्याजबरोबर उतरतो, काळी एकचा गवई फार तर पांढरी एकचा भासतो, आणि एवढ्यावर निभावते. परंतु वेग क्षणोक्षणी हलला की लांबवलेला स्वर डोलू लागतो, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यात, जेथे सारे वैभव निश्चल लागलेल्या सुरात साठलेले आहे, तेथे ते डोलणे मला तरी असह्य होते. (तबकडीचे भोकच मध्यबिंदूपासून ढळलेले असेल तर तो दोष मुद्रिकेचा, यंत्रास त्याचा बोल लावू नये.)

या स्थैर्यासाठी ज्यांनी कष्ट घेतले त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. लंडनच्या राजजवाहिऱ्यांच्या पेढीतून १९१५ साली निघालेल्या गॅरार्डच्या यंत्रशाखेने पहिल्या महायुद्धात तोफखान्यासाठी अंतरमापके घडविली आणि युद्ध सरल्यावर तेच सूक्ष्म हस्तकौशल्य ग्रामोफोनच्या मोटारींकडे वळविले. १९४८ साली कोलंबियाने ३३⅓ फेऱ्यांची विनायलची एलपी आणली. तिची पृष्ठभूमी इतकी शांत की लाखेच्या खरखरीत दडून राहिलेली मोटारीची घरघर आता स्पष्ट ऐकू येऊ लागली. अशा वेळी १९५४ चे गॅरार्ड ३०१ किंवा १९५७ चे स्वित्झर्लंडचे थोरेन्स टीडी १२४, या जड तबकाच्या भक्कम यंत्रांवर ज्यांनी भारी रक्कम मोजली, त्यांचा पैसा सत्कारणी लागला असेच मी म्हणेन.

पुढे मात्र तीच वस्तू स्वस्त होत गेली. अमेरिकेत एडगर विल्चर याने १९६१ साली पट्ट्याने फिरणारे तबक स्प्रिंगांवर तोलून बेताच्या किमतीत दिले. जपानच्या मात्सुशिताने १९७२ साली मोटारीवरच तबक बसविलेले टेक्निक्स एसएल-१२०० काढले, आणि त्याच्या पुढील, क्वार्ट्झने वेग बांधलेल्या आवृत्तीत वेगाची चंचलता शेकडा ०.०२५ वर आली, म्हणजे प्रमाणश्रुतीच्या पन्नासाव्या हिश्श्यावर. त्याच दशकात ग्लासगोच्या लिन कंपनीने, उगमी जे हरपले ते पुढे कोणताही कर्णा परत देऊ शकत नाही, हे तत्त्व हिरिरीने मांडले. तत्त्व निर्विवाद आहे. पण त्याच्या आधारे वीजपुरवठा, भुजा, बैठक अशा सुधारणा एकामागून एक विकल्या गेल्या, आणि जो दोष कानाच्या पलीकडे गेला होता त्याच्यासाठी गृहस्थ पुनःपुन्हा पैसे मोजत राहिले. देखण्या यंत्राची आवड ही स्वतंत्र गोष्ट आहे, तिला माझी हरकत नाही. तो खर्च गाण्याच्या खाती मांडू नये, एवढेच.

ज्याच्या घरी वाडवडिलांच्या मुद्रिका आहेत, त्याने वेग स्थिर राखणारे एक साधे यंत्र घ्यावे आणि उरलेली रक्कम सुईवर खर्च करावी. ७८ च्या तबकडीस सुमारे ३ हजारांश इंच टोकाची सुई लागते, एलपीस १ हजारांश किंवा त्याहून बारीक. एकीच्या जागी दुसरी कदापि लावू नये.