एक्स-रे, सीटी, एमआरआय टेक्निशियन: एआयच्या काळात हे करिअर निवडावं का?

यवतमाळ, पुसद, वणीकडची बारावी सायन्सची मुलं मला हमखास विचारतात, "दादा, एआय आलंय, मग या लाइनमध्ये नोकऱ्या राहतील का?" मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे सुरुवात फाइलपासून करतो.

फाइलमध्ये काय असतं?
स्कॅनची इमेज 'डायकॉम' फॉरमॅटमध्ये सेव्ह होते. साध्या जेपीईजी फोटोत राखाडी रंगाच्या 256 छटा मावतात. 12 बिटच्या डायकॉममध्ये 4096. सोबत पेशंटचं नाव, तारीख, मशीनचं सेटिंगही असतं. एक्स-रेचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की यातलं बरंच गळून जातं.

टेक्निशियनचं काम
पेशंटला नीट पोझिशन देणं, डावी-उजवी बाजू मार्क करणं, कमीत कमी डोसमध्ये स्पष्ट इमेज काढणं, एमआरआयआधी पेसमेकर किंवा धातूबद्दल विचारणं. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट देतात. सोनोग्राफी पीसीपीएनडीटी कायद्यानुसार पात्र डॉक्टरच करतात.

एआयचं काय?
मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीचं सॉफ्टवेअर छातीच्या एक्स-रेमध्ये टीबीची चिन्हं शोधतं. पण पेशंट हलला आणि इमेज पुसट आली, तर सॉफ्टवेअर तरी काय वाचणार? घाबरलेल्या आजीला धीर देऊन श्वास रोखायला लावणारा माणूस लागतोच. माझ्या मते काम बदलेल, संपणार नाही.

शिक्षण
बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी पदवी किंवा मान्यताप्राप्त डिप्लोमा. फी भरण्याआधी तीन गोष्टी तपासा:
1. कॉलेजचं नाव विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या यादीत आहे का?
2. हा कोर्स केल्यावर राज्याच्या पॅरामेडिकल कौन्सिलकडे नोंदणी होते का?
3. प्रॅक्टिकल कोणत्या हॉस्पिटलमध्ये, कोणत्या मशीनवर?

उत्तर गोलमोल आलं, तर तिथे पैसे अडकवू नका. यवतमाळमध्ये श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या क्ष-किरण विभागातल्या टेक्निशियनशी ड्युटी संपल्यावर दहा मिनिटं बोला. जाहिरातीपेक्षा जास्त कळेल.

रेडिएशनची भीती
एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, चुंबक असतं. एक्स-रे आणि सीटीवर काम करताना छातीवर टीएलडी बॅज लावतात. किती डोस मिळाला ते त्यातून मोजतात. भारतात कर्मचाऱ्यासाठी मर्यादा 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30 मिलिसीव्हर्ट आहे. इंटरव्ह्यूमध्ये पगाराआधी विचारा, "बॅज मिळेल ना?" नाही म्हणाले, तर ती नोकरी सोडलेली बरी.