वाट पाण्याने फुटते, चाकाने नाही

सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरी सायकलींसाठी वाटा असाव्यात, आणि त्या काढण्याचे व राखण्याचे काम स्वयंसेवकांच्या मंडळाने श्रमदानातून करावे, असे अकोटात कुणी म्हटले की जाणती माणसे मान हलवतात. त्यांचा पक्ष थोडक्यात असा: जंगल आधीच आक्रसले आहे, चाकाने माती सुटते आणि पावसाळ्यात तिथे ओघळ पडतात, जनावरे बिथरतात, शिवाय कुदळ-फावडी घेऊन निघालेल्या हौशी मंडळींना वनजमिनीवर अधिकार काय?

हा पक्ष उथळ नाही. अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वेमार्गाचे रुंदीकरण मेळघाट व्याघ्र प्रकल्पाबाहेरून न्यावे, हा आग्रह वन्यजीवप्रेमींनी नेटाने धरला. २०२० मध्ये राज्य सरकारनेही केंद्राला तसेच कळवले. तो आग्रह योग्यच होता. पण रुळांविरुद्धचा युक्तिवाद सायकलच्या दोन हात रुंद वाटेला जसाच्या तसा लावता येईल का? वाचकांनीच ठरवावे.

आधी माती, कारण वादाचे मूळ तिथेच आहे. चाक माती उकरते हे उघड सत्य मानले जाते. विल्सन आणि सेनी या संशोधकांनी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ते तपासले आणि १९९४ मध्ये निष्कर्ष छापले: ओल्या वाटेवर चाकांपेक्षा घोड्यांच्या खुरांनी आणि माणसांच्या पावलांनी अधिक माती सुटी झाली. थर्स्टन आणि रीडर यांनी कॅनडात एकाच जागेवरून ५०० फेऱ्यांपर्यंत माणसे चालवली आणि सायकलीही चालवल्या. २००१ च्या त्यांच्या अहवालानुसार झाडोऱ्याच्या हानीत दोहोंत लक्षणीय फरक नव्हता. यावर प्रतिपक्ष म्हणेल, तीव्र उतारावर करकचून ब्रेक दाबला की मागचे चाक घसरते आणि माती खरवडली जाते. अगदी खरे. पण मग दोष चाकाचा की उताराचा? टेकडीवरच्या देवळाकडे सरळ चढणारी कोणतीही जुनी पायवाट पाहा. तिच्यावर सायकल कधी गेलेली नसते, तरी ती गुडघाभर खोल नाली झालेली असते. पाणी वाटेला लागले आणि वाटेनेच खाली धावले. वाट पाण्याने फुटते.

म्हणूनच वाट काढणे हे शास्त्र आहे. डोंगराचा जो उतार असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा उतार कमी ठेवायचा. सरासरी चढ शेकडा दहाच्या आत राखायचा. वाटेची दरीकडची कड किंचित खाली ठेवायची. थोड्याथोड्या अंतरावर वाट जराशी उतरवून पुन्हा चढवायची, म्हणजे पाणी वेग धरण्याआधीच बाहेर पडते. हे ज्ञान वऱ्हाडाला परके आहे का? वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेच्या उन्हाळ्यांत अकोला जिल्ह्यातल्या गावांनी सलग समतल चर खोदले. त्यासाठीची समपातळी रेषा ए-फ्रेमने आखता येते: दोन बांबू, मधली आडवी पट्टी, दोरीला टांगलेला दगड. त्या फ्रेमच्या पायांत दोन मीटर अंतर असेल आणि एका पायाला दहा सेंटीमीटरचा तुकडा जोडला, तर ओळंबा मधल्या खुणेवर येताच शंभर मीटरला पाच मीटर उतरणारी वाट आखली जाते. चर खोदणाऱ्या हातांना ही वाट काढायला शिकवण्यासारखे फार थोडे उरते.

जागेची पारख मात्र हवी. पायथ्याखालच्या काळ्या, चिकण जमिनीत पावसात चाक जाम होते. तिथे वाटेचा विचारच नको. मुरमाड, दगडगोट्यांच्या पट्ट्यात ती टिकते, आणि तिथेही मोठ्या पावसानंतर ती काही दिवस बंद ठेवावीच लागते.

जनावरांच्या मुद्द्यावर मी प्रतिपक्षाला निम्मा न्याय आधीच देऊन टाकतो. मेळघाटच्या गाभा क्षेत्रात, नरनाळा वा वान अभयारण्यात अशी वाट नको. सायकल आवाज न करता वेगाने येते, आणि वळणावर अस्वल दचकले तर ते पळण्याआधी हल्ला करते. पण याच कारणावरून अभयारण्याबाहेरच्या गायरानालाही टाळे ठोकायचे? टेलर आणि नाइट यांनी अमेरिकेतल्याच यूटा राज्यातल्या अँटिलोप बेटावर बायसन आणि हरणे यांच्यावरचा परिणाम मोजला. २००३ मध्ये त्यांनी नोंदवले की पादचारी आणि सायकलस्वार यांना जनावरांनी दिलेल्या प्रतिसादात फारसा फरक नव्हता. गुराखी, तेंदूपाने तोडणारे, मोह वेचणारे रोज जिथे जातात, तिथे दिवसाउजेडी ठराविक वाटेने गेलेली सायकल हाच तेवढा अनर्थ कसा?

उरला अधिकार. राखीव वनात परस्पर जमीन फोडणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच राहावा. पण कायदा इथे संपत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा, तिचे व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला दिला. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला २०१२ मध्ये १९२ हेक्टरांवर तो मिळाला. उजाड डोंगर गावाने पुन्हा हिरवा केला, सीताफळांतून उत्पन्न उभे केले, आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळवला. आणि समाजाच्या हक्काच्या जमिनीवर सायकलवाट नांदते का? न्यूझीलंडमधल्या रोटोरुआजवळच्या वाकारेवारेवा जंगलाची जमीन २००९ मध्ये माओरी समाजाकडे परत गेली. तिथल्या सायकलवाटा मालकांच्या संमतीने चालू राहिल्या आणि स्वयंसेवक त्या आजही राखतात. हे काम ठेकेदाराकडे का नको? त्याचे बिल निघाले की तो परत येत नाही. वाटेला तर प्रत्येक मोठ्या पावसानंतर फावडे घेऊन येणारा माणूस लागतो.

तेव्हा मंडळाने आधी ग्रामसभेपुढे आणि वनखात्यापुढे जावे. उतार मोजून ठोकलेले खुंटे दाखवावेत, वाट कधी बंद राहील, पहिला ओघळ दिसताच कोण येईल, गावाला काय मिळेल, हे लिहून द्यावे. ग्रामसभा नाही म्हणाली तर खुंटे उपटून परत यावे. पण तो नकार ग्रामसभेचा असेल, तिला न विचारता अकोटात बसून तिच्या वतीने दिलेला नसेल.