मूळ कल्पना आणि मातृभाषा

मंडळाच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने भूमितीचा सिद्धान्त आम्हांस घडाघडा म्हणून दाखविला. आकृतीतील अक्षरे बदलून दिली, तेव्हा मात्र तो थांबला. हा दोष आजचा नव्हे, आणि त्यावर झालेले यत्नही आजचे नव्हेत.

पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर हे मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवीत. १८३२ चे त्यांचे ‘दर्पण’ सर्वांस ठाऊक असते. १८४० मध्ये त्यांनी काढलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकाची आठवण मात्र थोड्यांनाच असते, याचे आम्हांस वाईट वाटते. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायन हे विषय त्यात मराठीतून समजावून दिलेले असत. ‘शून्यलब्धि’ हे कलनगणितावरील पुस्तकही त्यांचेच. तत्पूर्वी, १८३६ साली, दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण निघाले होते. संज्ञा तयार नव्हत्या. कित्येक घडवाव्या लागल्या. ज्यास शब्द घडवावयाचा, त्यास ती कल्पना आधी पुरती उमजावी लागते; घोकंपट्टीने ते काम होत नाही.

बाळशास्त्री १८४६ साली वारले, तेव्हा पस्तिशीही गाठली नव्हती. दोनच वर्षांनी एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा स्थापून मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखा काढल्या, आणि १८४९ पासून मुलींच्या शाळाही चालविल्या. शिकविणारे स्वतःच नुकते शिकलेले होते.

आमच्या वर्गास गणितासाठी सध्या एकच शिक्षक आहेत. ज्ञातीतील पदवीधरांनी रविवारचे दोन तास द्यावेत. खडू-फळा आम्ही मांडून ठेविला आहे.