१४ संस्कृती आणि एक रिकामं फोल्डर

१९९७ साली आलेला ‘एज ऑफ एम्पायर्स’ प्राचीन जगाचा खेळ होता. इजिप्त, बाबिलोन, ग्रीस, पर्शिया, आणि वर्षभरात आलेल्या पुरवणीत रोम आणि कार्थेजही. पुढं १९९९ मध्ये दुसरा भाग आला आणि एन्सेम्बल स्टुडिओज या कंपनीनं खेळाडूंना उचलून थेट मध्ययुगात नेऊन ठेवलं. खेळ म्हणून दुसरा भाग कितीतरी सरस होता. सैन्य रचना धरून चालायचं, तटबंदीला उघडणारे दरवाजे होते. पण ज्यांचा जीव हॅनिबलच्या हत्तींत अडकला होता, त्यांची पंचाईत झाली. चांगलं यंत्र मध्ययुगाकडं आणि आवडता काळ जुन्या खेळाकडं.

अशा काही जणांनी २००१ मध्ये एक घाट घातला. दुसऱ्या भागाचं इंजिन तसंच ठेवायचं आणि वरचं सगळं, म्हणजे माणसं, इमारती, हत्यारं, नावं, बदलून त्याला प्राचीन जगाचा खेळ बनवायचं. मॉड करणाऱ्यांच्या, म्हणजे तयार खेळात फेरफार करणाऱ्यांच्या, बोलीत याला ‘टोटल कन्व्हर्जन’ म्हणतात. वाइल्डफायर गेम्सची सुरुवात ही अशी. ती कंपनी नाही. तिथं पगार नाही, कचेरी नाही. वेगवेगळ्या देशांत बसलेले हौशी लोक नोकरी, कॉलेज सांभाळून काम करतात आणि कंटाळले की निघून जातात.

घाट घालणं सोपं होतं, तडीस नेणं नव्हतं. मूळ खेळाचा कोड बंद होता. त्यात १३ संस्कृती, पुरवणीनंतर १८. तो आकडा कोडातच ठोकून बसवलेला. नवी संस्कृती हवी असेल तर आधीची एक मारून तिच्या जागी बसवायची. शिवाय माणसं म्हणजे सपाट चित्रं. एका शिपायाचं चालणं, लढणं, मरणं, प्रत्येक हालचालीची चित्रमालिका पाच दिशांनी काढलेली आणि उरलेल्या तीन दिशांना तीच आरशात उलटवलेली. त्यामुळं उजव्या हाताचा सैनिक वळला की डावखुरा व्हायचा. इमारतींचे चारदोन संच सगळ्या संस्कृतींनी वाटून घेतलेले. ज्यांना स्पार्टा आणि अथेन्स यांच्या ढालींतला फरक दाखवायचा होता, त्यांचं अशा ठिकाणी भागणं शक्यच नव्हतं.

मग त्यांनी स्वतःचा खेळ, स्वतःच्या इंजिनासकट, लिहायचं ठरवलं. शहाण्या माणसानं करू नये अशीच ही गोष्ट. इंजिनाचं नाव पायरोजेनेसिस. खेळाचं नाव ‘झिरो एडी’. इसवी सनात शून्य साल नाही, इ.स.पू. १ नंतर एकदम इ.स. १ येतं. इ.स.पू. ५०० ते इ.स. ५०० हा हजार वर्षांचा पट आणि त्याच्या मधोमध हे नसलेलं साल. पहिल्या भागात शून्याच्या अलीकडची पाच शतकं घ्यायची, पलीकडची दुसऱ्या भागात, असा बेत होता. पहिल्या यादीत सहा संस्कृती होत्या: रोमन, हेलेनिक, केल्ट, पर्शियन, कार्थेजी आणि आयबेरियन. पुढं हेलेनिकांचे अथेन्स, स्पार्टा आणि मॅसिडोनिया असे तीन भाग झाले, केल्टांचे ब्रिटन आणि गॉल असे दोन. ज्याचा अभ्यास वाढतो त्याला ठोकळ नावं खुपायला लागतात, ते इथं दिसतं.

पहिली आठ वर्षं काम बंद दाराआड चाललं. जुलै २००९ मध्ये दार उघडलं. कोड जीपीएल परवान्याखाली आणि चित्रं, आवाज, संगीत क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सर्वांसाठी खुले झाले. घ्या, बदला, वाटा; मूळ कर्त्यांचं नाव ठेवा आणि पुढच्यालाही तीच मोकळीक द्या. माझ्या मते या संस्थेच्या आयुष्यातला हाच सर्वांत मोठा निर्णय. बंद दाराआडचे कितीतरी हौशी प्रकल्प मुख्य माणसाला नोकरी लागली की संपतात. इथं माणसं गेली, तरी त्यांचं काम दुसऱ्याच्या हाती लागत राहिलं.

ऑगस्ट २०१० मध्ये पहिली जाहीर आवृत्ती आली, ‘अल्फा १’. तिचं नाव ‘अर्गोनॉट’. पुढची नावं वर्णानुक्रमानं, रोमन लिपीतल्या अक्षरांच्या क्रमानं. या रांगेत आपल्या ओळखीचे पाहुणेही भेटतात: झेलम, मगध, पतंजली. झेडपर्यंत पोचायला २०२२ चा सप्टेंबर उजाडला आणि तिथून पुन्हा ए. जानेवारी २०२५ मधली ‘अल्फा २७’ म्हणजे ‘अग्नी’. पहिल्या आवृत्तीनंतर चौदा वर्षं उलटली होती तरी पाटीवर ‘अल्फा’च होतं. वेगही एकसारखा नाही. सुरुवातीला वर्षाला चार-पाच आवृत्त्या निघायच्या; २०१८ च्या मे महिन्यानंतरची पुढची आवृत्ती मात्र २०२१ च्या फेब्रुवारीत आली.

पैशाची बाजू थोडक्यात सांगण्यासारखीच आहे. देणग्या ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ या अमेरिकी ना-नफा संस्थेमार्फत येतात. २०१३ मध्ये इंडीगोगोवर १ लाख ६० हजार डॉलरचं आवाहन केलं. जमले ३३ हजारांच्या आसपास. प्रोग्रामरला पैसे देऊन काम करून घ्यावं हा हेतू होता. मोठी उडी काही साधली नाही.

त्याच २०१३ मध्ये ‘मगध’ आवृत्तीबरोबर मौर्य आले. मौर्यांच्या बाजूला लाकूडफाटा वाहणारा कामकरी हत्ती आहे, लांब वेळूच्या धनुष्याचे तिरंदाज आहेत, रथ आहेत. वीरांमध्ये चंद्रगुप्त, अशोक आणि आचार्य चाणक्य. चाणक्याला वैद्याच्या गटात घातलंय, हे पाहून आपल्याकडचा वाचक जरा हसेल. अशोकाचा शासनस्तंभ उभारला की आसपासच्या व्यापाऱ्यांची चाल वाढते. राजाज्ञेच्या दगडाला व्यापाराचं काम दिलंय, पण ही कल्पना मला आवडते. आपल्याकडं अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले तेही सोपाऱ्यात, म्हणजे बंदरातच.

खरी गंमत पुढं आहे. झिरो एडीचा कणा म्हणजे नागरिक-सैनिक. पायदळाचा शिपाई लढतो आणि लढाई नसेल तेव्हा शेत कसतो, लाकूड तोडतो, दगड फोडतो. ग्रीक नगरराज्यांना आणि जुन्या रोमला हे चपखल बसतं. तिथला हॉप्लाइट, म्हणजे ढाल-भाल्याचा शिपाई, मुळात शेतकरीच होता. पण मौर्यांबद्दल ग्रीक राजदूत मेगॅस्थेनीस नेमकं उलट सांगतो. त्याचा मूळ ग्रंथ हरवला. एरियन, स्ट्रेबो वगैरेंनी दिलेल्या उताऱ्यांतून तो कळतो. त्याच्या म्हणण्यानुसार शेतकऱ्याला युद्धाची सक्ती नव्हती, बाजूला लढाई जुंपली तरी नांगर चालू असे. आणि सैनिकांचा वर्ग वेगळा, राजाच्या पगारावर पोसलेला. शांततेच्या काळात त्यांना मौजेखेरीज काम नाही. म्हणजे पाटलीपुत्राचा भालाईत हातात विळा घेऊन शेतात उतरतो, तेव्हा तो खरं तर अथेन्सच्या कायद्यानं वागत असतो.

याला चूक म्हणायची का? इथंच संस्कृती घडवणाऱ्याची कसोटी आहे. प्रत्येक संस्कृतीसाठी अर्थव्यवस्था वेगळी लिहिली तर इतिहास जुळेल. पण खेळाडूला दर वेळी नवा खेळ शिकावा लागेल आणि दोन बाजूंचा तोल सांभाळणं कठीण होईल. एकच सांगाडा ठेवला तर सगळ्या संस्कृती कपडे बदललेल्या ग्रीकांसारख्या वागतात. वाइल्डफायरनं दुसरा रस्ता घेतला आणि वरवर रंग भरले. मला तो भित्रा वाटतो, तरी समजतो. इमारतींच्या बाबतीतही पुरावा असाच अडचणीचा. मौर्यांचं बांधकाम मुख्यतः लाकडाचं, त्यामुळं पाटण्याच्या कुम्हरारमध्ये खांबांचा सभामंडप आणि बुलंदीबागेत लाकडी तटाचे अवशेष, एवढ्यावर शहर उभं करायचं. मग कलाकार सांचीच्या तोरणांवर कोरलेल्या नगरांकडं वळतो, आणि ती मौर्यांनंतरची आहेत.

खेळ उघडून आत पाहिलं की संस्थेचा जन्म मॉडमधून झाल्याची खूण सापडते. इंजिन एकीकडं, आणि खुद्द झिरो एडी हा त्याच्यावरचा ‘पब्लिक’ नावाचा एक मॉड. तुमचं काम त्याच्या शेजारी, वेगळ्या फोल्डरमध्ये. आत एक ‘मॉड’ नावाची जेसन फाइल, तिच्यात नाव, आवृत्ती आणि हा मॉड कशावर उभा आहे ते. संस्कृतीची आणखी एक जेसन फाइल: नाव, इतिहासाच्या चार ओळी, बोधचिन्ह, संगीत, खेळ सुरू होताना पदरात काय पडतं. मग एकेका माणसाचा आणि इमारतीचा एक्सएमएल टेम्पलेट. तो कोरा लिहायचा नसतो. सर्वसाधारण भालाईताचा टेम्पलेट पालक म्हणून घ्यायचा आणि जिथं तुमचा भालाईत वेगळा आहे तेवढंच लिहायचं. आकृत्या ब्लेंडरमध्ये. खरी डोकेदुखी नंतरची: नव्या अल्फात फाइलींची नावं आणि रचना बदलतात आणि महिनोन्‌महिने राबून केलेला मॉड एका रात्रीत मोडून पडतो. कित्येक मॉड असेच जुन्या आवृत्तीवर अडकून राहिले.

तरी बाहेरून आलेलं काम आत गेल्याची उदाहरणं आहेत. चीनचे हान आधी ‘राइज ऑफ द ईस्ट’ या मॉडमध्ये, नंतर ‘टेरा मॅग्ना’त झापोटेक आणि शिओंग्नू यांच्या सोबतीनं नांदले, आणि २०२२ च्या ‘झुआंगझी’ आवृत्तीत मूळ खेळात दाखल झाले. त्याआधी २०१८ मध्ये कुश आले होते. मधल्या काळात आलेल्या इतरांसह एकूण १४ संस्कृती झाल्या.

सातवाहन त्यात नाहीत. त्यांची भरभराट शून्याच्या पलीकडची, त्यामुळं पहिल्या भागात ते बसतही नाहीत. पण मॉडला कोणाची परवानगी लागत नाही. साहित्य आपल्याजवळच आहे. लाकडी बांधकाम दगडात कसं दिसतं हे भाजे दाखवतं, कार्ल्याच्या चैत्यगृहात तर सागवानी फासळ्या अजून जागेवर आहेत. ढाल-भाल्यासाठी पितळखोऱ्याचे द्वारपाल. नाण्यांवर जहाजं आहेत, म्हणजे गलबताचा आराखडाही मिळाला. वीरांत गौतमीपुत्र तर हवाच, आणि नाणेघाटाच्या लेखातली नागनिकाही.

हत्तींचे टेम्पलेट मौर्यांकडून उसने मिळतील, पण फक्त उसनवारीवर काम उरकायचं असेल तर करूच नये. सातवाहन काळात वेगळं काय होतं ते नाशिकच्या लेण्यांत लिहून ठेवलंय. उषवदातानं ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडं, म्हणजे व्यवसाय-संघांकडं, ठेव म्हणून ठेवले, २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर पाऊण टक्का व्याज. मुद्दल अखंड, व्याजातून भिक्षूंचा खर्च. झिरो एडीच्या कोडात इमारतीतून ठरावीक वेळानं थोडी थोडी सामग्री झिरपत ठेवणारा एक घटक तयारच आहे. तो लेण्याच्या टेम्पलेटला जोडला की श्रेणीची ठेव खेळात आली, आणि तिला मोजायला धातू आहेच. अडचण एवढीच की उषवदात हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई, सातवाहनांचा वैरी. ते लेणं कोणाच्या फाइलीत घालायचं यावर मॉड करणाऱ्यांत भांडण होणार, आणि दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून शिलालेख सापडतील.