समुद्र आणि तळे : दोन देशांची मासळी

मासळी म्हटली की समुद्र, हे समीकरण आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या घट्ट बसलेले आहे. कोकण-गोमंतकातून माळव्याकडे गेलेल्या मत्स्याहारी घरांना सुरमई-बांगडा दुरावला आणि बाजारात रोहू-कटला भेटली. या बदलाकडे बहुधा उणीव म्हणूनच पाहिले गेले. परंतु जपान आणि भारत या दोन देशांच्या मत्स्यपुरवठ्याचा इतिहास शेजारी शेजारी ठेवला, की हे समीकरण तपासून पाहावे असे आम्हांस वाटते.

प्रथम मापाविषयी. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना देशाच्या उत्पादनात आयात मिळविते, निर्यात व खाद्येतर वापर वजा करते आणि उरलेल्या राशीस लोकसंख्येने भागते. हा झाला दरडोई पुरवठा. तो प्रत्यक्ष खाल्लेला घास नव्हे. खाण्यासाठी उपलब्ध झालेली मासळी एवढाच त्याचा अर्थ. या मापाने १९६१ साली जपानमध्ये माणशी सुमारे ५० किलो मासळी उपलब्ध होती. भारतात जेमतेम २ किलो.

जपानचे हे वैभव दूरच्या पाण्यातून आलेले होते. युद्धोत्तर काळात विजेत्यांनी त्याच्या नौकांवर घातलेली सीमा १९५२ साली उठली आणि त्या नौका उत्तर पॅसिफिकपासून थेट अटलांटिकपर्यंत पोहोचल्या. १९७७ साली अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी आपापल्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर हक्क सांगितला, तेव्हा ही दारे मिटू लागली. तरीही १९८४ साली जपानचे उत्पादन १ कोटी २८ लाख टनांवर गेले, कारण त्या दशकात तारलीच्या कुळातील मासळी त्याच्या स्वतःच्या किनाऱ्यालगत विपुल आली होती. नव्वदच्या दशकात सागराचे मान पालटले आणि तीही ओसरली. २०२२ साली एकूण उत्पादन ४० लाख टनांच्या आत आले. २०११ पासून तर जपानी ताटात मांसाने मासळीला मागे टाकले आहे.

भारताची वाट वेगळी. १९५०-५१ मध्ये येथे साडेसात लाख टन मासळी मिळे. पैकी सव्वापाच लाखांहून अधिक समुद्राची. रोहू-कटलाचे बीज त्या काळी पावसाळ्यात नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन अशा माशांचे प्रजनन घडवून आणले. बीज नदीच्या लहरीवर अवलंबून राहण्याचे कारण तेथून सरत गेले. २०००-०१ च्या सुमारास गोड्या पाण्याने समुद्राला मागे टाकले. २०२२-२३ मध्ये एकूण १७५ लाख टनांपैकी १३१ लाख टन मासळी अंतर्देशीय पाण्यातली होती. १९८४ साली जपानच्या एक चतुर्थांशही नसलेले भारताचे उत्पादन आता त्याच्या चौपटीहून अधिक झाले आहे.

मग ताटाचे काय? तेथे चित्र उलटेच दिसते. आजही जपानचा दरडोई पुरवठा चाळीस किलोंच्या वर, तर भारताचा सात-आठ किलोंच्या आसपास. त्यामागे अफाट लोकसंख्या आहे, अनेकांचा शाकाहार आहे आणि परदेशी जाणारी कोळंबीही आहे. जपान आपली तूट आयातीने भरून काढतो. तेवढी ऐपत आपल्याकडील गरिबाच्या ताटाला नाही. त्याला आधार आहे तो तळ्यातल्या स्वस्त मासळीचाच.

म्हणूनच तळ्याची काळजी वाहिली पाहिजे. कृष्णा-गोदावरीच्या मुखांदरम्यानच्या कोल्लेरू सरोवराभोवती मत्स्यतळ्यांचे मोठे जाळे उभे राहिले. तेथील मासळी बर्फात घालून मालमोटारींनी दूर बंगालपर्यंत जाऊ लागली. पण तळी सरोवराच्या पोटातही शिरली, आणि अखेर २००६ साली अभयारण्यातील बेकायदा तळी न्यायालयाच्या आदेशाने फोडावी लागली. जपानने परक्यांच्या समुद्रावर भिस्त ठेवली होती. आपण आपल्याच सरोवराकडून उसने घेत होतो. पुरवठ्याचे आकडे चढत असताना ही उसनवारी दिसत नाही. फेडण्याची वेळ आली म्हणजेच ती कळते. रोहू-कटलाकडे उणीव म्हणून पाहणाऱ्या आपण सर्वांनी आता एवढे तरी ध्यानी घ्यावे, की देशाच्या मासळीचे भवितव्य लाटांइतकेच, किंबहुना अधिक, या संथ पाण्यावर ठरणार आहे.