हामची लेकरे आणि पोलंडचे स्वातंत्र्य

रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांत पोलंड वाटून खाल्ला. युरोपचा इतिहास शिकवताना आम्ही मास्तरमंडळी एवढे सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. देश गेला म्हणजे नेमका कोणाचा गेला, हे विद्यार्थी विचारत नाहीत. आम्हालाही ते विचारायला कोणी शिकवले नव्हते.

जुन्या पोलंडमध्ये ‘राष्ट्र’ म्हणजे सरदार-जमीनदारांचा वर्ग. शंभरांत फार तर आठ-दहा माणसे. राजा निवडणार ते, कायदे करणार ते. शेतकरी जमिनीला बांधलेला. मालकाच्या परवानगीशिवाय त्याने गाव सोडायचे नाही आणि आठवड्यातले कित्येक दिवस मालकाच्या शेतावर फुकट राबायचे. या वेठीला ‘पांश्चिझ्ना’ म्हणत. आणि हे सारे जन्मानेच ठरलेले आहे, हे सांगणारी कथाही तयार होती. सरदार हे सार्मेशियन नावाच्या प्राचीन लढवय्या लोकांचे वारस. शेतकरी मात्र बायबलातल्या नोहाच्या हाम या मुलाचे वंशज. बापाची नग्नता पाहिली म्हणून ज्याच्या वंशाला दास्याचा शाप लागला, तो हा हाम. मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांची कथा ऐकत वाढलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. पोलिश भाषेत ‘हाम’ ही आजही शिवी आहे.

फाळणीत दक्षिणेचा मुलूख ऑस्ट्रियाकडे गेला, त्याचे नाव गॅलिशिया. दक्षिणेला कार्पेथियन डोंगर, पूर्वेला ल्वूव शहर. पश्चिमेच्या टोकाला क्राकूव, ते १८१५ पासून नावापुरते स्वतंत्र नगर होते. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १७८० नंतरच्या दशकात वेठीचे दिवस आठवड्याला तीनवर आणले. वेठ संपली नाही. पण दूरचा परका सम्राट मायबाप आणि जवळचा स्वकीय मालक वैरी, ही समजूत शेतकऱ्याच्या मनात पक्की झाली. ती अगदीच खुळी होती, असे मला म्हणवत नाही.

फेब्रुवारी १८४६ मध्ये क्राकूवला स्वातंत्र्याचा उठाव झाला. त्याचे पुढारी कोत्या मनाचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. २२ फेब्रुवारीच्या जाहीरनाम्यात त्यांनी वेठ रद्द केली, कसणाऱ्याला जमीन देऊ केली. पण तोवर पूर्वेला टार्नूवच्या परिसरात शेतकरी कोयते-कुऱ्हाडी घेऊन निघाले होते, आणि तेही ऑस्ट्रियावर नव्हे तर वाड्यांवर! सुमारे हजार माणसे मारली गेली, पाचशेच्या आसपास वाडे उद्ध्वस्त झाले. प्रेते आणि जखमी गाड्यांत घालून त्यांनी टार्नूवला सरकारी अधिकाऱ्यांपुढे नेले. त्यांचा पुढारी याकूब शेला हा स्माझोवा गावचा. मालकाविरुद्ध गावाच्या वतीने वर्षानुवर्षे तक्रारी लढवलेला माणूस. २७ फेब्रुवारीला एडवर्ड देंबोवस्की हा तरुण क्रांतिकारक शेतकऱ्यांची मने वळवण्यासाठी मिरवणूक घेऊन क्राकूवबाहेर पडला. ऑस्ट्रियन सैन्याच्या गोळीबारात तो पडला.

अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांना चिथावले, हे खरे. पण चिथावणीची ठिणगी कोरड्या गवतावरच पेटते. ते गवत कोणी वाळवले? ते खून मला गौरवायचे नाहीत. मात्र ज्याला पिढ्यान्‌पिढ्या राष्ट्रात धरलेच नाही, त्याला राष्ट्रद्रोही कोणत्या तोंडाने म्हणायचे? ऑस्ट्रियानेही त्याला वापरून घेतले. क्राकूव खालसा केले, शेतकऱ्यांना पुन्हा वेठीला जुंपले आणि शेलाला दूर बुकोविनात नेऊन बसवले. गॅलिशियातली वेठ सुटली १८४८ मध्ये, सम्राटाच्या हुकमाने. रशियाच्या ताब्यातील पोलंडमध्ये ती सुटली १८६४ मध्ये, झारच्या हुकमाने. दोन्हीकडे सही परक्याची.

पोलंड १९१८ मध्ये स्वतंत्र झाला, पण शेतकऱ्याच्या बाजूने अखंड इतिहास लिहायला बराच काळ जावा लागला. अॅडम लेश्चिन्स्की यांचा पोलंडचा लोकेतिहास २०२० मध्ये आला. पुढच्याच वर्षी कात्सपर पोब्वोत्स्की यांनी वेठबिगारीच्या इतिहासावर पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले ‘हामस्त्वो’. हामपणा. शिवीच त्यांनी मुखपृष्ठावर छापली.